श्रद्धेचे मत कसे होते? हिंदू कोड बिलापासून हक्कसोडपत्रापर्यंत

निवडणुकीचा निकाल लागला की वस्तीत, विहारात, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर एक वाक्य हमखास येते : "लोक धर्माच्या नावावर मते देतात." वाक्य खोटे नाही. पण ते बोलून आपण थांबतो आणि लोकांना भोळे ठरवून मोकळे होतो. श्रद्धेचे राजकीय मत आपोआप होत नाही. ते कोणीतरी घडवते, आणि त्याची एक ठरलेली पद्धत असते. ती पद्धत समजून घ्यायची तर हिंदू कोड बिलाच्या इतिहासाइतके चांगले उदाहरण नाही.

प्रश्नच बदलला

डॉ. बाबासाहेब आंबेडकर कायदामंत्री असताना १९४८ मध्ये या बिलाचा मसुदा प्रवर समितीकडे गेला. बिलातील गोष्टी रोजच्या जगण्यातल्या होत्या. मुलीला आणि विधवेला मालमत्तेत हक्क, घटस्फोटाची सोय, एकपत्नीत्व, आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता. वडिलांच्या शेतात मुलीला वाटा असावा की नाही, हा साधा न्यायाचा प्रश्न होता. प्रश्न असाच राहिला असता तर घराघरांत त्यावर बोलणे झाले असते. मुलीच्या बापानेही विचार केला असता.

विरोधकांनी पहिले काम केले ते प्रश्न बदलण्याचे. "मुलीला वाटा द्यावा का?" याऐवजी "धर्म वाचवायचा की नाही?" असा प्रश्न लोकांसमोर ठेवला. या दुसऱ्या प्रश्नाला श्रद्धाळू माणसाकडे एकच उत्तर असते. मग बिल वाचण्याची गरजच उरत नाही.

दुसरे काम, बोलणाऱ्याचा अधिकार नाकारण्याचे. स्वामी करपात्री यांनी दिल्लीत आंदोलन उभे केले. त्यांच्या प्रचाराचा रोख बिलाइतकाच बाबासाहेबांवर होता. अस्पृश्य समाजात जन्मलेल्या माणसाने धर्मशास्त्रात हात घालावा कसा, असा तो सूर होता. मुद्दा खोडता आला नाही की मुद्दा मांडणाऱ्याची जात काढायची, ही रीत आपल्याला नवी नाही.

तिसरे काम, भीती संसदेपर्यंत पोहोचवण्याचे. सभा, मोर्चे, तारा, निवेदने यांतून असे चित्र उभे राहिले की सारा देश बिलाच्या विरोधात आहे. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांचाही विरोध होता. निवडणूक तोंडावर आलेली. काँग्रेसमधले अनेक सदस्य कचरले आणि बिल मागे पडले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी राजीनामा दिला. त्यामागे इतरही कारणे होती, पण या बिलाची झालेली गत हे त्यातले मोठे कारण होते.

आवाज मोठा, मते थोडी

पुढचा भाग आपण फारसा सांगत नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत पंतप्रधान नेहरूंच्या विरोधात प्रभुदत्त ब्रह्मचारी हे साधू हिंदू कोड बिलाला विरोध करत उभे राहिले. नेहरू मोठ्या फरकाने जिंकले. बिलाविरुद्ध रान उठवणाऱ्या पक्षांचे काय झाले? हिंदू महासभेला लोकसभेच्या ४, रामराज्य परिषदेला ३ आणि जनसंघाला ३ जागा मिळाल्या. ४८९ पैकी १०. त्यानंतर १९५५ आणि १९५६ मध्ये तेच बिल सौम्य होऊन चार वेगवेगळ्या कायद्यांच्या रूपात मंजूर झाले.

म्हणजे संघटित आवाज आणि लोकांचे मत या दोन वेगळ्या गोष्टी असतात. ज्यांच्यासाठी बिल होते त्या कोट्यवधी स्त्रिया रस्त्यावर नव्हत्या, म्हणून त्या विरोधात आहेत असे धरले गेले. कार्यकर्त्यांनी हे कायम लक्षात ठेवावे. समोरचा गोंगाट पाहून "समाज तयार नाही" असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये.

हा रोग आपल्याला होत नाही का?

होतो. १९५६ हे बुद्ध महापरिनिर्वाणाचे २५०० वे वर्ष म्हणून साजरे झाले. त्याच वर्षी श्रीलंकेत भिक्खूंच्या संघटनांनी प्रचारात उतरून बंडारनायके यांना सत्तेवर आणले. काही आठवड्यांत सिंहली हीच एकमेव राजभाषा करणारा कायदा झाला आणि तमिळ भाषिक आपल्याच देशात परके ठरले. पुढे बंडारनायके यांनी तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी करार केला, तेव्हा भिक्खूंनी त्यांच्या घरासमोर धरणे धरले आणि करार मोडायला लावला. १९५९ मध्ये त्यांच्यावर गोळ्या झाडणारा माणूस चीवरातला भिक्खू होता. तिथेही प्रश्न असाच बदलला गेला होता. "तमिळांना त्यांच्या भाषेत कारभार मिळावा का?" या जागी "धम्म आणि सिंहली वाचवायचे की नाही?"

त्याच १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली, ती माणसामाणसांतील समतेसाठी. दोन्हीकडे बुद्धाचेच नाव होते. त्या नावाने माणूस जवळ केला की परका केला, हा फरक पाहायचा असतो.

कसोटी आपल्या घरात

हिंदू विवाह आणि वारसा कायदे बौद्धांनाही लागू आहेत. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. तरीही वारसनोंदीची वेळ आली की बहिणीला बोलावून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. "सही केली नाही तर माहेर तुटेल" हे तिला कोणी उघड सांगत नाही, तिला ते कळते. साडीचोळी देऊन तिची बोळवण होते. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असलेल्या घरांतही हे घडते. ज्या हक्कासाठी त्यांनी मंत्रिपद सोडले, तो हक्क आपण एका सहीत परत घेतो. इथे कोणी करपात्री येत नाही. रूढी पुरेशी असते.

राजकारणात भक्ती अधःपतनाकडे नेते, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. कालाम सुत्तात बुद्धांनीही परंपरेने आले म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून स्वीकारू नका, असेच सांगितले आहे. म्हणून यापुढे धर्माच्या नावाने कोणी हाक दिली, ती आपल्या मंचावरून आली तरी, आपण तीन गोष्टी विचारू या. मूळ प्रश्न काय होता आणि तो कोणी बदलला? ज्यांच्या आयुष्यावर परिणाम होणार त्यांना कोणी विचारले का? यातून कोणाचा हक्क वाढतो आणि कोणाचा जातो?

आणि हे विचारण्याची सुरुवात पुढच्या वारसनोंदीच्या वेळी, बहिणीसमोर कागद ठेवण्याआधी करू या.

जय भीम. नमो बुद्धाय.