कीबोर्डातच मराठी बसवता येते का? क्यूएमके, युनिकोड आणि ‘ऱ्य’ची गोष्ट

माढा तालुक्यातलं मोडनिंब हे पुणे-सोलापूर हायवेवरचं गाव. तिथे माझ्या एका मित्राचं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक शेतकरी. मध्यंतरी त्याला एक विचित्र अडचण आली. नावांच्या यादीत ‘शेतकऱ्यांची’ हा शब्द डोळ्यांना दिसत होता, पण सर्चमध्ये टाकला की अर्ध्याच नोंदी सापडायच्या. त्यातच मी घरी बनवलेला नऊ बटणांचा छोटा कीबोर्ड त्याने पाहिला आणि म्हणाला, “आरं, ह्यातच मराठी बसीव की! कुठल्याबी कॉम्प्युटरला लावला की ‘शेतकऱ्यांची’ बरोबर उमटलं पायजे.”

प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर ‘हो’ही आहे आणि ‘नाही’ही. का, ते बघूया.

आधी यादीची भानगड समजून घ्या

हा शब्द लोक तीन प्रकारे टाइप करतात:

१. शेतकर्यांची: इथे साधा र, हलन्त आणि य आहे. र वर जाऊन रफार झाला. हे चूक आहे.
२. शेतकर्‍यांची: साधा र, हलन्त आणि त्यानंतर ‘झिरो विड्थ जॉइनर’ नावाचं न दिसणारं चिन्ह (२००डी). दिसायला बरोबर, पण ही जुनी पद्धत.
३. शेतकऱ्यांची: इथे ऱ हे वेगळं अक्षर (०९३१), मग हलन्त (०९४डी), मग य. युनिकोडप्रमाणे हीच पद्धत वापरायची.

दुसरा आणि तिसरा शब्द डोळ्यांना सारखेच दिसतात. कॉम्प्युटर मात्र आकार बघत नाही, कोड बघतो. कोड वेगळे म्हणजे त्याच्या लेखी शब्दच वेगळे. यादी दोन जणांनी दोन पद्धतींनी टाइप केली होती, म्हणून सर्च फसत होता.

‘ॲ’चंही तसंच. त्याचा स्वतःचा कोड ०९७२ आहे आणि तो २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये आला. त्याआधीपासून लोक ‘अ’वर चंद्र देऊन किंवा हिंदीतला ‘ऍ’ घेऊन काम भागवत आलेत. ‘ॲप’ हा एक शब्द तीन कोडांनी लिहिलेला सापडतो तो यामुळेच.

आणि हा नुसता सर्चचा प्रश्न नाही. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या, ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘आचाऱ्याला’ बोलावलं तर स्वयंपाक होईल, ‘आचार्याला’ बोलावलं तर प्रवचन.

कीबोर्ड अक्षर पाठवतच नाही

फोनवरचा कीबोर्ड हे सॉफ्टवेअर असतं. तुम्ही स्क्रीनवर ‘ळ’ दाबला की ते ॲपच्या हातात थेट ‘ळ’ देतं. यूएसबी कीबोर्डचं तसं नसतं. तो फक्त बटणाचा नंबर पाठवतो. इंग्रजी ‘के’च्या बटणाचा नंबर १४. कॉम्प्युटरवर इंग्रजी लेआउट चालू असेल तर १४ चा अर्थ ‘के’ होतो. मराठी इनस्क्रिप्ट चालू असेल तर त्याच १४ चा अर्थ ‘क’ होतो. अर्थ ठरवतो कॉम्प्युटर, कीबोर्ड नाही.

युनिकोडमध्ये देवनागरीला ०९०० ते ०९७एफ अशा १२८ जागा आहेत. पण ‘हा घे ०९३१’ असं सांगायची सोयच साध्या यूएसबी कीबोर्डच्या भाषेत नाही. मग क्यूएमके करतं काय?

क्यूएमकेची युक्ती

क्यूएमके हे कीबोर्डसाठीचं मोफत, ओपन सोर्स फर्मवेअर आहे. फर्मवेअर म्हणजे कीबोर्डातल्या चिपवर चालणारा प्रोग्राम. माझ्या पॅडमध्ये रास्पबेरी पाय पिको आहे, त्यावर ते चालतं. बाजारातल्या प्रत्येक कीबोर्डचं फर्मवेअर बदलता येत नाही. तुमचं मॉडेल क्यूएमकेच्या यादीत आहे का, ते आधी बघा.

अक्षराचा कोड हाताने टाइप करायची सोय कॉम्प्युटरमध्ये असते. क्यूएमके तोच कोड तुमच्या वतीने झटपट टाइप करतं. प्रत्येक सिस्टिमची रीत वेगळी:

• लिनक्स: कंट्रोल-शिफ्ट-यू, मग कोड, मग स्पेस. यासाठी आयबस चालू लागतं.
• मॅक: ऑप्शन दाबून ठेवून कोड. त्याआधी सेटिंगमध्ये ‘युनिकोड हेक्स इनपुट’ निवडावं लागतं.
• विंडोज: विनकंपोज नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाकायचं, मग उजवा ऑल्ट, यू, कोड आणि एंटर. रजिस्ट्री बदलून करायची दुसरी पद्धतही आहे, पण ती भरवशाची नाही. क्यूएमकेवालेही विनकंपोजच सुचवतात.

या यादीत अँड्रॉइड नाही. म्हणजे ओटीजी केबलने हा कीबोर्ड फोनला जोडून मराठी उमटेल, अशी आशा ठेवू नका.

फर्मवेअरमध्ये काय बदलायचं?

१. ‘रूल्स डॉट एमके’ या फाइलमध्ये ‘युनिकोड इनेबल’ला ‘येस’ करा. (फाइलमध्ये ही नावं इंग्रजी मोठ्या अक्षरांत, मध्ये अंडरस्कोर देऊन लिहायची.) ही साधी पद्धत ७एफएफएफ पर्यंतचे कोड घेते, म्हणजे देवनागरी आणि ₹ दोन्ही त्यात बसतात. इमोजी हवेत तर ‘युनिकोडमॅप’ ही दुसरी पद्धत घ्या. दोन्ही एकदम चालू करायच्या नाहीत.
२. ‘कॉन्फिग डॉट एच’ फाइलमध्ये ‘युनिकोड सिलेक्टेड मोड्स’ लिहून तुमची सिस्टिम निवडा. हे विसरलात तर अक्षराऐवजी भलतंच काही उमटतं.
३. कीमॅपमध्ये हव्या त्या बटणावर ‘यूसी’ आणि कंसात कोड द्या. ॲ साठी ०९७२, ₹ साठी २०बी९. कोडच्या आधी शून्य-एक्स लावायला विसरू नका.
४. ‘ऱ्’ एका कोडात मावत नाही, ऱ आणि हलन्त असे दोन लागतात. त्यासाठी मॅक्रो लिहून त्यात ‘सेंड युनिकोड स्ट्रिंग’ वापरा.
५. कंपाइल करा, फ्लॅश करा आणि आधी कोऱ्या नोटपॅडमध्ये तपासा. जुन्या फर्मवेअरची फाइल जपून ठेवा, बिघडलं तर परत जाता येतं.

इथे सगळे अडकतात

कोडमधले आकडे आणि अक्षरंसुद्धा बटणांच्या नंबरांनीच जातात. कॉम्प्युटरवर त्या वेळी मराठी लेआउट चालू असेल तर कोडमधला ‘डी’ हलन्त होऊन उमटू शकतो आणि सगळाच घोटाळा होतो. म्हणून ही युक्ती इंग्रजी लेआउटवरच वापरायची. इंग्रजीत लिहिताना मध्येच एखादा ₹ किंवा ॲ हवा, तर झकास. पण आख्खी मराठी यादी अशी टाइप करायची म्हटलं तर? लिनक्सवर एका ‘ऱ्’ला दोन कोड, प्रत्येकाला कंट्रोल-शिफ्ट-यू, चार आकडे आणि स्पेस. कीबोर्ड बारा वेळा धडपडतो. कॉम्प्युटर जुना, मंद असेल तर मधलाच एखादा आकडा गळतो.

मग मित्राला काय करून दिलं?

सोपा रस्ता घरातच होता. इनस्क्रिप्ट लेआउट भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ठरवला. आज तो विंडोज आणि लिनक्समध्ये आयताच मिळतो, फक्त भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन चालू करायचा. त्यात ‘ऱ’ आहेच: शिफ्ट आणि जे. हलन्त ‘डी’वर, य स्लॅशवर, ह ‘यू’वर.

म्हणून पॅडमधल्या एका बटणावर युनिकोड न घालता साधा मॅक्रो टाकला: शिफ्ट-जे, मग डी. बास. बारा धक्क्यांच्या जागी दोन. पुढे य दाबला की ‘ऱ्य’, ह दाबला की ‘ऱ्ह’. ‘शेतकऱ्यांची’पासून ‘कऱ्हाड’पर्यंत सगळं जमतं. शिवाय प्रत्येक वेळी ०९३१ च जातो, त्यामुळे सर्च फसत नाही. जुन्या यादीतला ‘र्‍’ मात्र ‘फाइंड-रिप्लेस’ करून एकदाच सुधारावा लागला.

‘कुठल्याबी कॉम्प्युटरला’ हे मात्र जमलं नाही. समोरच्या कॉम्प्युटरवर इनस्क्रिप्ट चालू करायचं किंवा विनकंपोज टाकायचं, यातलं एक तरी करावंच लागतं. मित्राने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “चालतंय की. दुकानातलं दोन कॉम्प्युटर सुधारलं तरी लय झालं.”

तुमच्याकडे असा कीबोर्ड नसला तरी एक गोष्ट आजच करून बघा. फोनवर ‘शेतकऱ्यांची’ टाइप करा, वर दिलेल्या तिसऱ्या शब्दाशेजारी पेस्ट करा आणि त्या पानावर दोन्ही शोधा. दोन्ही सापडले नाहीत, तर तुमच्या फोनमधला ‘ऱ्य’ कुठल्या कोडांनी बनतो हे एकदा तपासायला हवं. फॉर्मवर नाव तुमचंच जाणार आहे.