पोहता येतं म्हणून डोहात उतरू नका

पावसाळा रंगला की नांदेड, किनवट, पांढरकवड्याकडच्या गाड्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या नेरडिगोंड्याला वळतात. कुंटाला धबधब्याच्या पायऱ्या उतरताना एक वाक्य मला दर वेळी ऐकू येतं: "पाणी शांत आहे, आणि आपल्याला पोहता येतं." याच भरवशावर इथे जीव गेले आहेत, तरी ते थांबत नाही.

कडेम नदी इथे टप्प्याटप्प्यानं सुमारे 45 मीटर खाली येते. पडणारी धार हवा घेऊन डोहात घुसते. बुडबुड्यांनी भरलेलं पाणी साध्या पाण्याहून हलकं असतं, त्यामुळे ते अंगाला तेवढं उचलून धरत नाही. तळाशी गेलेलं पाणी पुढे वर येतं आणि त्यातलं बरंचसं पुन्हा धारेकडे फिरतं. काठावरून संथ दिसतो तो याच फिरत्या पाण्याचा वरचा थर. माणूस काठाकडे हात मारत राहतो आणि पाणी त्याला मागे ओढत राहतं. आपण पोहायला शिकतो विहिरीत नाहीतर तलावात, जिथे पाणी जागचं हलत नाही. ती सवय इथे कामाची नाही.

"पण आज तर ऊन पडलंय!" ऊन तुमच्या डोक्यावर आहे हो, पाऊस वरच्या डोंगरांत पडत असतो. तिथलं पाणी खाली पोचायला वेळ लागतो आणि पोचलं की पातळी बघता बघता चढते. मधल्या खडकावर फोटो काढत बसलेल्याला परतीची वाट उरत नाही. त्या खडकांवर शेवाळही असतं.

बोथजवळचा पोचेरा जेमतेम 20 मीटरचा, म्हणून तो मुलाबाळांना खेळायला बरा, असंही म्हणतात. साफ चूक. धबधबा बुटका असला म्हणून डोह उथळ होत नाही. पोचेराचा डोह खोल आहे.

बाकीचे समज थोडक्यात. तेलंगणात थंडी नसते? आदिलाबादेत डिसेंबर-जानेवारीत पारा 10 अंशांच्या खाली जातो, स्वेटर घ्या. धबधबा बारमाही? मे महिन्यात धार अगदी बारीक होते. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात या. वाघ फक्त ताडोबात? 2019 मध्ये टिपेश्वरहून निघालेला रेडिओ कॉलरचा वाघ आदिलाबाद जिल्ह्यातून फिरून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. कॉलरच्या नोंदींत ही वाट दिसते. तेव्हा पायवाट दिसली म्हणून जंगलात शिरू नका, वनखात्याला विचारा.

आणि निघताना ठिकाण नीट तपासा. कुंटाला नावाचं मंडल निर्मल जिल्ह्यातही आहे. धबधबा आहे तो नेरडिगोंड्यापासून सुमारे 12 किलोमीटरवर.