खेळण्याचा रंग आणि खरी बंदूक



बालकास अक्षरओळख होण्यापूर्वी रंगओळख होते. तांबडे मणी एकीकडे, पिवळे दुसरीकडे, असे वर्गीकरण आपणच त्याच्याकडून करवून घेतो. रंग पाहून वस्तू ओळखणे हेच त्याचे पहिले वाचन होय. मध्यंतरी एका शाळेच्या भेटीत पहिलीच्या मुलांपुढे काही चित्रे ठेवून मी विचारले, ‘‘यांतील खरी बंदूक कोणती?’’ एका चुणचुणीत मुलाने तत्काळ उत्तर दिले, ‘‘सर, काळी ती खरी; रंगाची ती खेळातली.’’ सर्व वर्गाने माना डोलावल्या. जत्रेतील दुकाने, होळीच्या पिचकाऱ्या व दिवाळीतील टिकल्यांची पिस्तुले पाहून मुलांनी बांधलेला हा नियम होता. त्यांचे निरीक्षण चुकीचे म्हणता येत नाही. परंतु त्या नियमावर त्यांचा जीव सोपविता येईल काय, याचा विचार आपणांस करावयाचा आहे.

खेड्यातील शाळेशी बंदुकीचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. आपल्या जिल्ह्यात रानडुकरे, रोही व हरणे यांच्यापासून पीक राखणे हे शेतकऱ्यापुढील नित्याचे संकट आहे. 1959 च्या शस्त्र अधिनियमात खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. अशी बंदूक फार थोड्या घरी असते. पण ज्या घरी ती असते, त्या घरी मुलेही असतात. पोळ्यास बैलांची शिंगे रंगविणारा, गंज लागू नये म्हणून नांगरास व गाडीस रंग देणारा आपला शेतकरी डब्यात उरलेला तांबडा वा निळा रंग बंदुकीस लावण्याचा विचार करील, तर त्यात त्याचा हेतू वाईट नसतो. तथापि तसे करू नये. त्याची कारणे तीन.

पहिले कारण असे की, रंगाने बंदुकीच्या कार्यात काहीच फरक पडत नाही. नळीत दारू व छर्रे ठासलेले असून केप बसविलेली असेल, तर चाप ओढताच घोडा आपटतो व बार उडतो. चाप मोठ्या माणसाने ओढला की लहानाने, हे बंदुकीस कळत नाही. शिवाय ठासणीची बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे वरून पाहून समजत नाही. दुसरे कारण, तिचे काळे लोखंडी रूप हीच मुलास मिळणारी एकमेव सूचना असते. रंगाने तीही पुसली जाते. तिसरे कारण कायद्याचे आहे. बंदुकीवर कोरलेला क्रमांक खोडणे वा बदलणे हा गुन्हा आहे. रंगाच्या थराखाली तो झाकला गेल्यास ओळख पटविणे कठीण होते.

हा प्रश्न इतर देशांतही उपस्थित झाला आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराने 2006 मध्ये खऱ्या बंदुकांना खेळण्यासारखे रंग देण्याच्या साहित्याच्या विक्रीस बंदी केली. तरीही 2021 मध्ये त्याच देशातील एका व्यावसायिकाने खऱ्या पिस्तुलास मुलांच्या रंगीत ठोकळ्यांचे रूप देऊन ते विकावयास काढले. ठोकळे तयार करणाऱ्या लेगो कंपनीने हरकत घेतल्यावर ती विक्री थांबविण्यात आली.

याची दुसरी बाजूही ध्यानी घ्यावयास हवी. खरी बंदूक खेळण्यासारखी दिसली तर मूल फसते. खेळणे खऱ्यासारखे दिसले तर मोठी माणसे फसतात. 2014 मध्ये क्लीव्हलँड शहरात खऱ्यासारखे दिसणारे छर्ऱ्यांचे पिस्तूल हाती असलेला 12 वर्षांचा मुलगा पोलिसाच्या गोळीस बळी पडला. तसल्या पिस्तुलाच्या टोकास खेळण्याची खूण म्हणून नारिंगी रंग असतो. त्या मुलाच्या पिस्तुलावर तो राहिला नव्हता. आणि जे खेळणे म्हणून विकले जाते ते निरुपद्रवी असते, असेही नाही. ऑक्टोबर 2025 मधील दिवाळीत शेजारच्या मध्य प्रदेशात प्लास्टिकच्या नळीपासून बनविलेल्या कार्बाइड बंदुकांमुळे शंभराहून अधिक जणांच्या डोळ्यांस इजा झाली. त्यांत बहुसंख्य मुले होती. कार्बाइडवर पाणी पडताच ज्वालाग्राही वायू तयार होतो. बार का उडाला नाही म्हणून मूल नळीत डोकावते आणि त्याच क्षणी स्फोट होतो.

तात्पर्य, रंग ही सुरक्षिततेची खूण नव्हे. म्हणून वर्गात ‘खरी कोणती, खोटी कोणती’ हा पाठ देऊ नये. कोणत्याही रंगाची बंदूक बेवारस दिसली तर काय करावे, हा पाठ द्यावा. तो चार कृतींचा आहे : थांबा, शिवू नका, दूर व्हा, सांगा.

परंतु हे शब्द पाठ झाले म्हणजे काम संपले, असे समजू नये. अमेरिकेत 4 ते 5 वर्षांच्या मुलांवर झालेल्या व 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मुलांना नियम बिनचूक सांगता आला. पण एकटे असताना बंदूक दिसली तेव्हा तो पाळणे त्यांना जमले नाही. प्रत्यक्ष प्रसंग उभा करून तेथल्या तेथे सराव घेतल्यास अधिक उपयोग होतो, असेही पुढील प्रयोगांत आढळले. सबब परिपाठानंतर पुठ्ठ्याची, कधी काळी तर कधी गुलाबी रंगविलेली बंदूक व्हरांड्यात ठेवावी आणि मूल काय करते ते पाहावे. चुकल्यास रागावू नये. चारही कृती पुन्हा करवून घ्याव्यात. दोन महिन्यांनी हा सराव परत घ्यावा. खरे शस्त्र मात्र दाखविण्यासाठीही शाळेत आणू नये.

पालकसभेत पुढील गोष्टी नम्रपणे सांगाव्यात. बंदूक रिकामी करून कुलपात ठेवावी. दारू व केपा वेगळ्या कुलपात असाव्यात. बंदुकीस रंग देऊ नये. खऱ्यासारखी दिसणारी खेळणी व कार्बाइडच्या नळ्या मुलांस घेऊन देऊ नयेत. बेवारस शस्त्र आढळल्यास ते न हलविता पोलीस पाटलास किंवा 112 या क्रमांकावर कळवावे. कोणाच्या घरी बंदूक आहे याची चौकशी मुलांकडून करू नये. त्यामुळे पालकांचा विश्वास उडतो आणि पाठ निष्फळ होतो.

रंगांची ओळख आपणच मुलांस करून देतो. त्या ओळखीची मर्यादा दाखवून देणे हेही आपलेच काम आहे. माझ्या पुढील भेटीत ‘‘खरी कोणती?’’ या प्रश्नास एखाद्या मुलाने ‘‘सर, ते मी पाहणार नाही, बाईंना सांगेन’’ असे उत्तर दिले, तर त्या शाळेचा पाठ साधला असे मी समजेन.