पोचा पडण्याचं गणित

बंगळुरूत हेब्बाळच्या उड्डाणपुलाखाली गाड्या तुंबल्या की शेजारच्या गाडीचं दार नीट पाहावं. स्कूटरच्या हँडलने ओढलेली लांब रेघ, खांबाला घासून मागच्या कोपऱ्यात पडलेला पोचा, क्लिप सुटून लोंबणारा बंपर. प्रत्येक खूण वेगळी, कारण प्रत्येक धडकेचा वेग, कोन आणि जागा वेगळी. कन्सोलवरच्या रेसिंग गेमला सगळ्यात जड जाते ती हीच गोष्ट. चकाकणारी नवी गाडी त्याला केव्हाच जमली. चेपलेली गाडी अजून पुरती जमलेली नाही.

चकाकी जमली, हेही काही कमी नवल नाही. 1997 साली जपानमध्ये ‘ग्रान टुरिस्मो’ हा रेसिंग गेम पहिल्यांदा आला तेव्हा त्यातली गाडी जेमतेम 300 त्रिकोण जोडून केलेली होती. आज एका गाडीला लाखो त्रिकोण लागतात. रंगाचे थरसुद्धा वेगळे मोजतात: खाली मूळ रंग, त्यात धातूचे बारीक कण, वर पारदर्शक लाखेचा थर. समोरून पाहिलं तर रंग दिसतो, तिरकं पाहिलं तर आभाळ. प्रकाशाचा हा नियम फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात मांडला आणि आपल्या टीव्हीखालचं यंत्र तो सेकंदाला साठ वेळा पाळतं.

पण चकाकी पृष्ठभागावरच संपते. पोचा कळायला पत्र्याच्या आत शिरावं लागतं. पत्रा थोडा दाबला तर परत उसळतो. एक मर्यादा ओलांडली की कायमचा वाकतो, आणि वाकताना आणखी ताठ होत जातो. मोटार कंपन्यांचे अभियंते हे सारं संगणकावर आधी घडवून पाहतात. गाडीचे लाखो तुकडे पाडायचे आणि धडकेचा सेकंदाच्या दहाव्या हिस्स्याएवढा काळ, मायक्रोसेकंदाच्या पावलांनी, मोजत जायचा. ताकदवान संगणकांनाही त्याला तासन्‌तास लागतात. त्यानंतर खऱ्या गाडीची परीक्षा होते: 2023 साली सुरू झालेल्या भारत एनकॅप या सुरक्षा-चाचणीत ती ताशी 64 किलोमीटर वेगाने अडथळ्यावर सोडतात.

गेमकडे वेळ किती असतो? एका चित्रासाठी सेकंदाचा साठावा भाग. त्यातच प्रकाश, आवाज, टायर आणि बाकीच्या सगळ्या गाड्याही बसवायच्या. म्हणून बहुतेक गेम पत्र्याचं गणित करतच नाहीत. चित्रकार प्रत्येक भागाचं चेपलेलं रूप आधीच घडवून ठेवतो. धडक बसली की यंत्र धड आणि चेपलेल्या रूपांचं योग्य प्रमाणात मिश्रण करतं, वर ओरखड्यांचा थर चढवतं आणि बंपर बिजागरीतून सोडवतं. फसवणूक आहे खरी, पण अतिशय देखणी.

खरोखर पत्रा वाकवणारेही आहेत. जर्मनीतल्या ब्रेमेनमध्ये तयार होणाऱ्या, संगणकावर चालणाऱ्या ‘बीमएनजी’ या गेममध्ये गाडी म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या दांड्यांचं जाळं असतं. बाजेची एक दोरी ओढली की सगळी वीण ताणली जावी, तसा एका कोपऱ्यावरचा धक्का पार मागच्या चाकापर्यंत पोचतो. हे गणित सेकंदाला 2000 वेळा होतं. मला तरी आजवर केलेल्या कुठल्याही गेममधलं हे सर्वांत थक्क करणारं काम वाटतं.

मग काही मोठ्या कन्सोल गेमांनी साधं चेपणं दाखवायलाही एवढा उशीर का लावला? 1998 च्या ‘कॉलिन मॅक्रे रॅली’त गाडी चेपत होती, 2005 च्या ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’मध्येही. ‘ग्रान टुरिस्मो’च्या मुख्य मालिकेला मात्र 2010 चा पाचवा भाग उजाडावा लागला. अडचण तंत्राएवढीच परवान्याची आहे. गेममध्ये खऱ्या गाड्या घ्यायच्या तर कंपनीची संमती लागते, आणि आपली गाडी चुरगळलेली दिसावी असं कुठल्या कंपनीला वाटेल? ‘बर्नआउट’ या गेमने काल्पनिक गाड्या घेतल्या आणि मनसोक्त चेंदामेंदा केला.

गेममधल्या गाड्या घडवण्याचं काम परमुलखातच होतं असं नाही. बंगळुरूत 1997 साली राजेश राव यांनी सुरू केलेल्या ध्रुव इंटरॅक्टिव्हच्या कलावंतांनी ‘फोर्झा’ मालिकेसाठी काम केलं. 2019 साली रॉकस्टार या गेम-कंपनीने ती विकत घेतली. पृष्ठभाग मोजण्याची विद्याही इथे आहे: खुद्द हेब्बाळात 2018 साली सापडलेला कित्तय्या या वीराचा वीरगळ, इसवी सन 750 च्या सुमाराचा, मिथिक सोसायटी या संस्थेच्या प्रकल्पात त्रिमिती स्कॅन झाला आहे. झिजलेल्या दगडावरची अक्षरं वाचायला पृष्ठभागाचा चढउतार बारकाईने मोजावा लागतो. ‘असेटो कोर्सा’ या रेसिंग गेमसाठी जर्मनीतली नॉर्डश्लाइफ ही 20 किलोमीटरहून लांब शर्यतीची सडक लेझरने मोजली, तीही तिचे उंचवटे हातातल्या स्टीअरिंगला जाणवावेत म्हणून. बाराशेहून अधिक वर्षांपूर्वीचा दगड आणि शर्यतीची सडक, दोघांनाही हीच विद्या लागू पडते!

खरेपणाची माझी कसोटी दिसण्यात नाही. 2023 च्या ‘फोर्झा’त प्रत्येक टायर आठ ठिकाणी रस्त्याला टेकतो आणि हिशेब सेकंदाला 360 वेळा होतो. एवढं झाल्यावर धडकेने चाक तिरकं व्हायला हवं आणि गाडी एका बाजूला ओढली जायला हवी. नुसता रंग खरवडला तर ती सजावट. तुमच्या गेममध्ये नुकसानीची सेटिंग असेल तर ती ‘पूर्ण’वर ठेवा आणि एक शर्यत शेवटपर्यंत नेऊन दाखवा.