दोन टिंबे आणि एक तिरकी रेघ

ऐरोलीहून तुर्भ्याकडे ठाणे-बेलापूर रस्त्याने निघाले की रबाळे, घणसोली, महापे अशी नावे एकामागून एक येतात. रसायने, औषधे आणि यंत्रांच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या औद्योगिक पट्ट्यात आता उंच कुंपणांच्या, फारशा खिडक्या नसलेल्या मोठमोठ्या इमारती दिसतात. पनवेलकडे २०२० साली ‘योट्टा एनएम१’ सुरू झाले, तेही याच जातीचे. ही डेटा सेंटर्स. आत सर्व्हरच्या कपाटांच्या रांगा आणि रात्रंदिवस चालणारी थंड हवा. शाळेचा निकाल, बँकेचे पान, निविदेची पीडीएफ, दुकानाचा लोगो असे जे जे आपण फोनवर उघडतो, ते अशाच एखाद्या कपाटातल्या डिस्कवर फाइल म्हणून पडलेले असते.

यातल्या काही फाइल जशाच्या तशा पाठवायच्या असतात. लोगो, छायाचित्र, अर्जाचा नमुना, पानाच्या रंगरूपाची सीएसएस फाइल. त्यांना स्टॅटिक फाइल म्हणतात. इथे हिशोब नाही, डेटाबेसची चौकशी नाही. ब्राउझरने नाव सांगायचे, सर्व्हरने त्या नावाची फाइल शोधून द्यायची. वेबवरचे सर्वांत सोपे काम हेच वाटते, आणि म्हणून ते नवशिक्या डेव्हलपरकडे सोपवले जाते. पण गेल्या पंचवीस वर्षांतली काही फार गंभीर सुरक्षा-भगदाडे नेमकी याच कामात सापडली आहेत.

ब्राउझर ‘/चित्रे/लोगो.पीएनजी’ मागतो, तेव्हा हा पाथ डिस्कवरचा नसतो. सर्व्हर त्याला आपल्या सार्वजनिक फोल्डरचा पाथ जोडतो, समजा ‘/सर्व्ह/पोर्टल/पब्लिक’, आणि मग खरी जागा ठरते. म्हणजे पाथ दोन आहेत. एक वेबवरचा, जो कोणीही परका माणूस हवा तसा लिहू शकतो. दुसरा डिस्कवरचा, जो फक्त सर्व्हरला ठाऊक असावा. दोन्हींत तिरक्या रेघा, दोन्हींत फोल्डरची नावे. दिसायला ते इतके सारखे आहेत की प्रोग्राम लिहिणारा एकाला दुसरा समजून बसतो.

डिस्कवरच्या पाथचेही दोन प्रकार असतात, पूर्ण आणि सापेक्ष. नवी मुंबईकरांना यातला फरक समजावून सांगायची गरज नाही. १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या सिडकोने हे शहर नोडनोड करून वसवले आणि प्रत्येक नोडमध्ये सेक्टरचे आकडे नव्याने सुरू केले. त्यामुळे सेक्टर १५ वाशीतही आहे, ऐरोलीतही, कोपरखैरण्यातही आणि सीबीडी बेलापूरमध्येही. रिक्षावाल्याला नुसते ‘सेक्टर १५’ सांगितले, तर आपण कुठे पोचणार हे आपण कुठे उभे आहोत यावर ठरते. सापेक्ष पाथ नेमका असा असतो. ‘पब्लिक/लोगो.पीएनजी’ म्हणजे कुठला पब्लिक? प्रोग्राम ज्या फोल्डरमधून सुरू केला, त्यातला.

लॅपटॉपवर डेव्हलपर प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये शिरून प्रोग्राम सुरू करतो, सगळी चित्रे दिसतात. तोच प्रोग्राम लिनक्स सर्व्हरवर सिस्टमडीची, म्हणजे सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेची, सेवा म्हणून लावला की, वेगळे काही सांगितले नसेल तर, तो डिस्कच्या अगदी मुळापासून, म्हणजे ‘/’ पासून सुरू होतो. तिथे ‘पब्लिक’ नावाचे फोल्डरच नसते आणि पानभर तुटलेली चित्रे दिसतात. नोड.जेएसवरच्या एक्स्प्रेस या लोकप्रिय फ्रेमवर्कच्या अधिकृत माहितीत म्हणूनच सांगितले आहे की स्टॅटिक फोल्डरचा पाथ पूर्ण द्यावा, कोडची फाइल जिथे आहे तिथून मोजून. ही एक ओळ पाळली तरी ‘माझ्याकडे चालत होते’ या तक्रारींतल्या बऱ्याच मिटतील.

वेबच्या पाथलाही हीच खोड आहे. पान ‘/सूचना’ या पत्त्यावर असेल आणि त्यात ‘फोटो/१.जेपीजी’ असा दुवा असेल, तर ब्राउझर ‘/फोटो/१.जेपीजी’ मागतो. पत्त्याच्या शेवटी रेघ आली आणि तो ‘/सूचना/’ झाला, की तोच दुवा ‘/सूचना/फोटो/१.जेपीजी’ होतो. शिवाय विंडोज सहसा मोठ्या-लहान इंग्रजी अक्षरांत भेद करत नाही, लिनक्स करतो. विंडोजवर दिसणारे चित्र लिनक्सवर ‘४०४’ देते त्याचे कारण पुष्कळदा एका मोठ्या अक्षराएवढेच असते.

मराठी फाइलनावांची अडचण याहून खोल आहे आणि तिच्याविषयी फार कमी बोलले जाते. ‘शेतकऱ्यांसाठी.पीडीएफ’ हे नाव घ्या. पाथमध्ये देवनागरी अक्षर पाठवताना त्याचे बाइट टक्क्याच्या चिन्हासह लिहावे लागतात, आणि प्रत्येक अक्षराचे किंवा मात्रेचे तीन बाइट होतात. तेवढे ब्राउझर आपोआप करतो. खरा घोळ ‘ऱ्या’मध्ये आहे. युनिकोडमध्ये ‘ऱ’ला स्वतंत्र क्रमांक आहे, पण ‘र’ आणि खालचे टिंब असे दोन तुकडे जोडूनही तेच अक्षर होते. तिसरी रीत म्हणजे ‘र’, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे जोडणीचे चिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. पण पहिल्या रीतीत हलन्त ‘ऱ्’चे सहा बाइट होतात, उरलेल्या दोन्हींत नऊ. लिनक्स बाइट पाहतो, अक्षर पाहत नाही. एका कीबोर्डवर फाइलचे नाव टंकले आणि दुसऱ्यावर दुवा, की फाइल समोर असूनही सापडत नाही. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस फाइल-पद्धतीत तर नावे तुकडे करूनच साठवली जात, त्यामुळे तिथून सर्व्हरवर गेलेल्या फाइलचे नाव परस्पर बदललेले असे.

नावे एका साच्यात आणण्याचे युनिकोडचे प्रमाणीकरण पहिल्या दोन रीती एक करते. तिसरी त्याच्या हाती लागत नाही, ती वेगळी पकडावी लागते. यावर ‘मराठी नावे देऊच नका’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो पटण्यासारखा नाही. डिस्कवर फाइलला क्रमांक द्यावा, मराठी नाव डेटाबेसमध्ये ठेवावे आणि डाउनलोड होताना तेच नाव वाचकाला मिळेल अशी सूचना उत्तरासोबत पाठवावी. एचटीटीपीमध्ये ही सोय कधीपासूनची आहे. मराठी वाचकाला मराठी नावाची फाइल मिळायलाच हवी.

इथवर फार तर चित्र दिसले नाही. आता जे येते त्यात वेबसाइटची तिजोरीच उघडी पडते.

फाइल-पद्धतीत दोन टिंबे म्हणजे ‘एक पायरी वर’. कोणी ‘/चित्रे/../../सेटिंग’ असे मागितले आणि सर्व्हरने ते आपल्या फोल्डरला डोळे झाकून जोडले, तर पाथ सार्वजनिक फोल्डरमधून वर चढून बाहेर पडतो. या हल्ल्याला पाथ ट्रॅव्हर्सल म्हणतात. जगभरच्या प्रोग्रामिंग-दोषांच्या यादीत तो सीडब्ल्यूई-२२ या क्रमांकाने नोंदलेला आहे. हल्लेखोर चाचणीसाठी बहुधा लिनक्सची ‘पासडब्ल्यूडी’ फाइल मागून पाहतो. तिच्यात आता पासवर्ड नसतात, पण ती प्रत्येक लिनक्स यंत्रावर असते आणि कोणालाही वाचता येते. ती आली म्हणजे दार उघडे आहे हे कळले. मग डेटाबेसचा पासवर्ड असलेली सेटिंग फाइल, खासगी किल्ली, मूळ कोड यांची पाळी येते.

पहिला उपाय सुचतो तो पाथमधून ‘../’ खोडून टाकण्याचा. तो फसतो. ‘....//’ असे लिहिले आणि मधले ‘../’ एकदा खोडले, की उरलेल्या तुकड्यांतून पुन्हा ‘../’ तयार होते. शिवाय तीच टिंबे आणि रेघा सांकेतिक रूपातही लिहिता येतात. या एका गोष्टीने मोठमोठ्यांना फसवले आहे.

मायक्रोसॉफ्टचा आयआयएस सर्व्हर पाथमध्ये दोन टिंबे आणि रेघ आहे का, हे तपासत असे. पण रेघ नेहमीच्या एका बाइटऐवजी ‘%सी०%एएफ’ अशा दोन बाइटांत फुगवून लिहिली, की तपासणीला ती दिसत नसे आणि नंतर उलगडताना तिची रेघ होत असे. १७ ऑक्टोबर २००० रोजी मायक्रोसॉफ्टने याची सूचना काढली. दुरुस्ती हाताशी असूनही असंख्य सर्व्हर तसेच राहिले आणि ११ महिन्यांनी, १८ सप्टेंबर २००१ रोजी, ‘निमडा’ हा वर्म इतर वाटांसोबत याही वाटेने जगभर पसरला. फुगवलेली रूपे चालणार नाहीत, असे यूटीएफ-८ या अक्षरसंकेताचे मानक नोव्हेंबर २००३ पासून स्पष्ट बजावते.

वीस वर्षांनी तेच घडले, तेही अपाची या १९९५ पासून चालत आलेल्या, हजारो जाणकारांच्या नजरेखालच्या सर्व्हरमध्ये. सप्टेंबर २०२१ मधल्या २.४.४९ आवृत्तीत पाथ साफ करणारा कोड नव्याने लिहिला होता. पहिले टिंब साधे आणि दुसरे ‘%२ई’ असे सांकेतिक लिहिले, की ती जोडी त्याच्या नजरेतून सुटत असे. दोष उघड झाला तेव्हा हल्ले सुरू झालेले होते. ४ ऑक्टोबरला २.४.५० आली. तीही अपुरी ठरली, कारण संकेताचाच पुन्हा संकेत केला तर पाथ निसटत होता. तीन दिवसांत, ७ ऑक्टोबरला, २.४.५१ काढावी लागली. ज्या सर्व्हरवर सीजीआय, म्हणजे मागणी आल्यावर प्रोग्राम चालवण्याची सोय, चालू होते, तिथे तर हल्लेखोराला फाइल वाचण्यापलीकडे जाऊन आज्ञाही चालवता येत होत्या. मात्र सार्वजनिक फोल्डरबाहेरचे सर्व काही बंद ठेवणारी ओळ ज्यांच्या सेटिंगमध्ये शाबूत होती, ते वाचले. जिथे कोणीतरी सोयीसाठी ती काढून टाकली होती, तिथे घात झाला.

सर्व्हर निर्दोष असला तरी सेटिंगमधली एक रेघ पुरते. एन्जिनएक्स या सर्व्हरमध्ये ‘/स्टॅटिक’ या पत्त्यामागे ‘/सर्व्ह/अ‍ॅप/स्टॅटिक/’ हे फोल्डर लावले आणि पहिल्याच्या शेवटची रेघ राहून गेली, तर ‘/स्टॅटिक../सेटिंग’ ही मागणी एक पायरी वर जाते. तैवानच्या ऑरेंज त्साई या संशोधकाने २०१८ साली ब्लॅक हॅट परिषदेत ही चूक जगासमोर ठळकपणे मांडली. तरी ती अजून सापडते, कारण अशी सेटिंग एका प्रोजेक्टमधून दुसऱ्यात नकलून नेली जाते. पायथॉनच्या एआयओएचटीटीपी या लायब्ररीत सिमलिंकच्या, म्हणजे दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या फाइलच्या, मागे जाण्याची मुभा दिली, की फाइल मूळ फोल्डरच्या आत आहे का ही तपासणीच गळत असे. हा दोष जानेवारी २०२४ मध्ये ३.९.२ आवृत्तीत दुरुस्त झाला.

या सगळ्यांत एकच चूक आहे. पाथ दिसतो कसा यावर विश्वास ठेवला गेला. तो पोचतो कुठे हे पाहिले गेले नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा. आलेला पाथ एकदाच उलगडायचा, दुसऱ्यांदा नाही. मग तो मूळ फोल्डरला जोडायचा. इथे पायथॉनसारख्या भाषेत एक खड्डा आहे: दुसरा पाथ ‘/’ ने सुरू होत असेल, तर जोडणारे फंक्शन पहिला पाथ चक्क टाकून देते. जोडल्यावर टिंबे आणि सिमलिंक सोडवून डिस्कवरची खरी जागा काढायची आणि ती मूळ फोल्डरच्या आत आहे का, हे शेवटी पाहायचे. तेही नुसती सुरुवातीची अक्षरे जुळवून नाही. ‘/सर्व्ह/पोर्टल-बॅकअप’ची सुरुवातही ‘/सर्व्ह/पोर्टल’नेच होते. तुलना फोल्डरच्या सीमेवर व्हायला हवी.

आता हे काम ऑपरेटिंग सिस्टिमवरही सोपवता येते. मार्च २०२० मध्ये आलेल्या लिनक्स ५.६ पासून ‘या फोल्डरच्या खालचेच उघड, बाहेर जाऊ नकोस’ असे कर्नेललाच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यालाच, सांगता येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये गो या प्रोग्रामिंग भाषेच्या १.२४ आवृत्तीत तशीच सोय आली. तपासणी आणि फाइल उघडणे यांच्या मधल्या क्षणात कोणी सिमलिंक बदलली तरी ही पद्धत फसत नाही. आणि फाइलचे नाव परक्याकडून घ्यायलाच नको असेल, तर त्याहून चांगले. पावती क्रमांक घ्यावा, फाइल कुठे आहे ते आपल्या डेटाबेसला विचारावे.

सार्वजनिक फोल्डरही छोटे हवे. पूर्ण प्रोजेक्टच सार्वजनिक करून ठेवला, तर टिंबांची गरजच नाही. पासवर्डची फाइल, कोडचा इतिहास, जुना बॅकअप सरळ नाव सांगून मिळतो.

गृहनिर्माण संस्था, शाळा, पतपेढ्या, छोटे कारखाने यांच्या वेबसाइट बहुधा एखाद्या ओळखीच्या डेव्हलपरकडून एकदा करून घेतलेल्या असतात आणि मग वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. सदस्यांची आधारपत्रे, विद्यार्थ्यांचे दाखले, पगारपत्रके अशाच सर्व्हरवर असतात. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी आपल्या डेव्हलपरला तीन गोष्टी विचाराव्यात: सार्वजनिक फोल्डरमध्ये नेमके काय आहे, सर्व्हरची आवृत्ती कुठली आहे, आणि फाइल देण्याआधी तिची खरी जागा तपासली जाते का. उत्तर लेखी मागावे. कंपन्या, डेटा सेंटर आणि सरकारी कार्यालये यांना तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार, अशी घुसखोरी लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवावे लागते.