चॉकोलेट, गडद व दुग्ध

चॉकोलेट, गडद व दुग्ध : कोकोच्या बियांपासून बनविण्यात येणाऱ्या चॉकोलेटाचे दोन प्रमुख प्रकार. आंबवून वाळविलेल्या बिया भाजून, टरफले काढून दळल्या म्हणजे कोकोचा लगदा मिळतो. त्यात कोकोची वसा व साखर घालून गडद (साधे) चॉकोलेट तयार करतात. या मिश्रणात दुधाचे घन पदार्थ मिसळले म्हणजे दुग्ध चॉकोलेट होते. ते १८७५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये डॅन्येल पेटर यांनी तयार केले.

महाराष्ट्रात पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्यालगत, तळेगाव–चाकण मार्गावरील इंदुरी (ता. मावळ, जि. पुणे) हे या उद्योगाचे एक केंद्र आहे. आधुनिक दुग्धव्यवसायाच्या प्रसारासाठी कॅडबरी कंपनीने १९६४ मध्ये येथे गाईंचे दुग्धोत्पादन क्षेत्र उभारले. पुढे येथे चॉकोलेटाचा कारखानाही निघाला. २०१४ मध्ये कंपनीचे नाव बदलून माँडेलीझ इंडिया असे झाले. भारतात दीर्घकाळ दुग्ध चॉकोलेटाचाच खप प्रामुख्याने होत आला आहे. अलीकडे गडद चॉकोलेट आरोग्यदायक म्हणून विकले जाऊ लागल्याने दोहोंतील भेदास महत्त्व आले आहे.

घटक : भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०११ च्या विनियमांनुसार वसा व जलांश वगळून कोकोचे घन पदार्थ साध्या चॉकोलेटात किमान १२ टक्के, तर दुग्ध चॉकोलेटात किमान २·५ टक्के असावे लागतात. दुग्ध चॉकोलेटात दुधाचे वसारहित घन पदार्थ किमान १०·५ टक्के असतात. कोकोचे ७० ते ८५ टक्के प्रमाण असलेल्या १०० ग्रॅ. गडद चॉकोलेटात सु. २४ ग्रॅ. साखर, ११ ग्रॅ. तंतू, १२ मिग्रॅ. लोह व २२८ मिग्रॅ. मॅग्नेशियम असते, तेवढ्याच दुग्ध चॉकोलेटात सु. ५१ ग्रॅ. साखर, ३ ग्रॅ. तंतू, २ मिग्रॅ. लोह व ६३ मिग्रॅ. मॅग्नेशियम असते. कॅल्शियम मात्र दुग्ध चॉकोलेटात अधिक असते. ऊर्जेच्या बाबतीत गडद प्रकार हलका नाही : त्यापासून सु. ६०० किलोकॅलरी, तर दुग्ध प्रकारापासून सु. ५३५ किलोकॅलरी मिळतात. थिओब्रोमीन व कॅफीन ही उत्तेजक अल्कलॉइडेही गडद प्रकारात सु. चौपट असतात.

आरोग्यावरील परिणाम : कोकोचे गुण मुख्यत्वे फ्लाव्हॅनॉल या संयुगांमुळे येतात. ती रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तरात नायट्रिक ऑक्साइडाची निर्मिती वाढवितात. त्यामुळे वाहिन्या शिथिल होतात. ही संयुगे कोकोच्या वसारहित भागात असल्याने गडद चॉकोलेटात ती सामान्यतः अधिक आढळतात. तथापि बिया आंबविणे व भाजणे यांमुळे त्यांचा ऱ्हास होतो आणि अल्कलीची प्रक्रिया केल्यास तो फारच मोठा असतो. अशा प्रक्रियेने कोकोचा रंग अधिक काळसर होतो. म्हणून काळा रंग ही गुणाची खूण ठरत नाही.

२०१७ मध्ये ३५ प्रयोगांचे एकत्रित परीक्षण करण्यात आले. त्यात फ्लाव्हॅनॉलयुक्त कोकोने रक्तदाब सरासरी २ मिमी.हून थोडा कमीच उतरल्याचे दिसले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगात सु. २१,००० वृद्धांचा समावेश होता. त्यात हृदयरोगाने होणारे मृत्यू घटले; परंतु हृदयविकाराच्या एकूण घटनांत सांख्यिकीय दृष्ट्या निर्णायक घट झाली नाही. शिवाय सहभागी व्यक्तींना चॉकोलेट दिलेले नसून रोज ५०० मिग्रॅ. फ्लाव्हॅनॉले असलेला कोकोचा अर्क दिलेला होता आणि या प्रयोगास चॉकोलेट उद्योगाचेही साहाय्य होते. २०२४ मधील एका निरीक्षणात्मक अभ्यासात आठवड्यातून किमान पाच वेळा गडद चॉकोलेट खाणाऱ्यांत दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा धोका २१ टक्के कमी आढळला. दुग्ध चॉकोलेटाचा असा संबंध आढळला नाही, उलट वजनवाढीशी संबंध दिसला. निरीक्षणावरून कार्यकारणभाव मात्र सिद्ध होत नाही.

मर्यादा : जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मुक्त साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी ठेवण्याची व शक्यतो ती ५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे दिवसास सु. २५ ग्रॅ. इतकी, उतरविण्याची शिफारस केली. तीस ग्रॅ. दुग्ध चॉकोलेटातून सु. १५ ग्रॅ. व तितक्याच गडद चॉकोलेटातून सु. ७ ग्रॅ. साखर मिळते. भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. या दृष्टीने हा फरक नगण्य नाही. दुसऱ्या बाजूस, कोकोच्या झाडाने जमिनीतून शोषलेले कॅडमियम गडद चॉकोलेटात अधिक येते. यूरोपीय संघाने २०१९ पासून त्यावर मर्यादा घातली आहे.

यावरून साखर कमी व कोको अधिक असल्याने गडद चॉकोलेट दुग्ध चॉकोलेटापेक्षा सरस ठरते. पण ते औषध नव्हे. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या रुग्णाने औषधाऐवजी त्यावर विसंबून राहणे घातक होय. खरेदी करताना वेष्टनावरील कोकोचे शेकडा प्रमाण व साखरेचे वजन पाहावे आणि अल्कलीप्रक्रियेचा उल्लेख आहे काय, हेही तपासावे. [⟶ कोको].