मर्गट्रॉइड : एका दुर्मीळ इंग्रजी स्थानवाचक आडनावाची उत्पत्ती आणि प्रसार

मर्गट्रॉइड हे आडनाव काही मराठी वाचकांना अगाथा ख्रिस्ती यांच्या ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ या 1950 सालच्या रहस्यकथेतून परिचित असेल. त्या कथेतील एका खेडवळ, भाबड्या स्त्रीला लेखिकेने हेच आडनाव दिले आहे. त्यापूर्वी 22 जानेवारी 1887 रोजी लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात गिल्बर्ट आणि सलिव्हन यांची ‘रडिगोर’ ही संगीतिका रंगमंचावर आली. तिच्यातील शापित सरदारघराणेही मर्गट्रॉइड हेच नाव धारण करते. रंगभूमीवरच्या अशा वापरामुळे हे नाव एखाद्या नाटककाराने मुद्दाम रचलेले असावे, असा समज सहज होतो. वस्तुतः ते अस्सल, प्राचीन आणि इंग्लंडमधील एका लहानशा जागेशी घट्ट बांधलेले आडनाव आहे. इंग्रजी आडनावांच्या अभ्यासात इतक्या स्पष्टपणे एका जागेपर्यंत नेऊन पोचवणारी नावे थोडीच आहेत, आणि म्हणूनच त्याचा वृत्तांत सविस्तर नोंदवून ठेवण्याजोगा आहे.

इंग्रजी आडनावांचे चार ढोबळ वर्ग मानले जातात. वडिलांच्या नावावरून आलेली पितृनामजन्य, धंद्यावरून आलेली व्यवसायवाचक, शरीर अथवा स्वभावावरून पडलेली गुणवाचक आणि चौथी स्थानवाचक. या चौथ्या वर्गाचे पुन्हा दोन भाग पडतात. हिल, वुड, ब्रूक ही नावे टेकडी, रान, ओढा अशा कोठेही आढळणाऱ्या भूरूपांवरून आली आहेत, तर दुसऱ्या भागातील नावे विशिष्ट गाव, वाडी किंवा शेतवस्ती यांवरून पडलेली आहेत. पहिल्या भागातील नावे देशभर शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे निर्माण झाली, त्यामुळे त्यांना बहुमूल आडनावे म्हणता येईल. दुसऱ्या भागातील काही नावे मात्र एकाच ठिकाणी, एकाच काळात आणि बहुधा एकाच कुटुंबात जन्माला आली. ही एकमूल आडनावे होत. मर्गट्रॉइड हे त्यांचे ठळक उदाहरण आहे.

स्थानवाचक आडनावांची पद्धत मराठी माणसाला वेगळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. चिपळूण सोडून अन्यत्र गेलेल्याला लोक चिपळूणकर म्हणतात आणि चिपळुणातच राहणाऱ्याला तसे म्हणण्याचे काही प्रयोजन नसते. इंग्लंडमध्येही मोठ्या गावांच्या बाबतीत हेच घडले. परंतु अगदी लहान शेतवस्तीचा न्याय वेगळा आहे. दूरच्या शहरात त्या वस्तीचे नाव कोणालाच ठाऊक नसते, त्यामुळे तेथे ते माणसाची ओळख पटवू शकत नाही. ते उपयोगी पडते केवळ आसपासच्या पाच-सहा मैलांत, जेथे प्रत्येक शेताचे नाव प्रत्येकाला माहीत असते. म्हणून जागा जितकी लहान, तितके तिच्यावरून आलेले आडनाव दुर्मीळ आणि त्याचा निर्देश तितका अचूक. या विषयातील हे सूत्र मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

मर्गट्रॉइड हे नाव ज्या लहानशा जागेवरून आले, ती होती यॉर्कशरच्या पश्चिम भागात, म्हणजे ज्याला वेस्ट रायडिंग म्हणत त्या प्रदेशात, हॅलिफॅक्सच्या पश्चिमेस असलेल्या वॉर्ली या गावाच्या हद्दीत. कॅल्डर नदीचे अरुंद खोरे, तीव्र उतार आणि वर पेनाइन पर्वतरांगेतील उघडी, ओलसर माळराने असा हा मुलूख आहे. दक्षिण आणि मध्य इंग्लंडमध्ये चर्चभोवती दाट घरे असलेली सलग गावे वसली. येथे तसे झाले नाही. लोक उतारावर विखुरलेल्या एकेकट्या शेतघरांत राहिले आणि प्रत्येक शेतघराला स्वतःचे नाव मिळाले. हॅलिफॅक्सचा धर्मपरगणा इंग्लंडमधील सर्वांत विस्तीर्ण परगण्यांपैकी एक होता. त्यात अशी शेकडो नावे होती आणि त्यांतून आडनावांचे मोठे पीक निघाले. सटक्लिफ, ग्रीनवुड, बॅराक्लफ, अ‍ॅक्रॉइड, मिजली ही याच टापूतील नावे आहेत.

या नावाचा उत्तरार्ध निःसंदिग्ध आहे. ‘रॉड’ या जुन्या इंग्रजी शब्दाचा अर्थ रान तोडून लागवडीखाली आणलेली मोकळी जागा. वेस्ट रायडिंगच्या बोलीत त्यातील स्वर लांबून ‘रॉइड’ असा उच्चार रूढ झाला. तेराव्या शतकात लोकसंख्या वाढत असताना या उतारांवर सतत नवे रान तोडले जात होते आणि अशा जमिनीची वेगळी नोंद होत असे. अ‍ॅक्रॉइड म्हणजे ओक वृक्षांजवळची मोकळी जागा, हॉलरॉइड म्हणजे खोलगट भागातील, बूथरॉइड म्हणजे जिथे झोपड्या किंवा गोठे आहेत ती. कवी टेड ह्यूज यांचे 1930 मधील जन्मगाव मिथमरॉइड हेही याच खोऱ्यात आणि याच कुळातले नाव. एखाद्या इंग्रजी आडनावाच्या शेवटी ‘रॉइड’ दिसले, तर त्याचा उगम पश्चिम यॉर्कशरमध्ये शोधावा, हे जवळजवळ निश्चितपणे सांगता येते.

पूर्वार्धाविषयी मात्र दोन मते आहेत. एका मतानुसार तो ‘मूर-गेट’ असा आहे. येथे गेट म्हणजे दरवाजा नव्हे. उत्तर इंग्लंडमध्ये हा शब्द प्राचीन नॉर्स भाषेतून, तेथे वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांबरोबर आला आणि त्याचा अर्थ रस्ता असा आहे. लीड्समधील ब्रिगेट, कर्कगेट ही रस्त्यांची नावे त्याचीच साक्ष देतात. तेव्हा माळरानाकडे जाणाऱ्या वाटेवरची मोकळी जागा, असा अर्थ निघतो. दुसऱ्या मतानुसार पूर्वार्धात मार्गारेट या स्त्रीनामाचे मध्ययुगीन रूप दडलेले आहे आणि मूळ नाव ‘मार्गारेटची मोकळी जागा’ असे होते. पहिला अर्थ भूगोलाला चांगला जुळतो आणि लोकप्रियही तोच आहे. तथापि जुन्या नोंदींतील ‘मर्गेट्रोड’सारख्या लेखनात ‘मूर’चा स्वर दिसत नाही, हे ध्यानात घेता दुसऱ्या मताचे पारडे मला जड वाटते. ते खरे असेल, तर सहाशे वर्षे पित्याकडून पुत्राकडे चालत आलेल्या या नावाच्या गाभ्यात एका स्त्रीचे नाव आहे, आणि कोणा मार्गारेटने त्या उतारावर जमीन धारण केली होती, एवढी एकच खूण तिच्यामागे उरली आहे.

आडनाव म्हणून या नावाचा दाखला चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिळतो. 1371 मध्ये वॉर्लीच्या कॉन्स्टेबलपदी, म्हणजे गावात शांतता राखणाऱ्या अधिकाऱ्याच्या पदी, याच नावाच्या जॉनची नेमणूक झाली. 1379 च्या डोईपट्टीच्या यादीत मर्गेट्रोड असे लेखन असलेला जॉन आणि त्याची पत्नी यांची नोंद आहे. ही डोईपट्टी 1377, 1379 आणि 1381 अशी तीनदा आकारली गेली. प्रजेला ती जाचक झाली आणि 1381 च्या शेतकरी उठावाला तीच कारण ठरली, पण आडनावांच्या अभ्यासकाला तिने अमोल सामग्री दिली. वेस्ट रायडिंगच्या 1379 च्या याद्या विशेष चांगल्या अवस्थेत टिकल्या आहेत. त्या काळी पुरुषांत जॉन, विल्यम, थॉमस, रॉबर्ट अशी मोजकीच नावे प्रचलित असल्यामुळे करवसुली करणाऱ्यालाही दुसऱ्या नावाची गरज भासत असे. आरंभी अशा नावांपूर्वी लॅटिन-फ्रेंच ‘द’ हा ‘चा’ या अर्थाचा शब्द लिहीत. पंधराव्या शतकात तो लोपला. माणूस जागा सोडून गेला तरी नाव सोडेनासा झाला, तेव्हा उपनामाचे आनुवंशिक आडनाव झाले. मूळ जागेचे नाव तर पुढे प्रचारातूनच गेले. आज ते आडनावातच टिकून आहे.

एका कुटुंबापासून निघालेले नाव सहा शतके टिकावे, यात योगायोगाचा भाग मोठा असतो. फ्रान्सिस गॉल्टन यांनी 1873 मध्ये घराण्यांची नावे कशी नष्ट होतात, हा प्रश्न गणिती स्वरूपात मांडला आणि हेन्री वॉटसन यांच्यासमवेत 1874 मध्ये त्याचे विवेचन केले. पुत्रांची संख्या पिढीगणिक यदृच्छेने कमीजास्त होत असल्याने एका पुरुषापासून निघालेली बहुतेक नावे काही पिढ्यांतच लोप पावतात, असे त्यातून दिसते. 1349 च्या काळ्या मृत्यूने, म्हणजे प्लेगच्या महासाथीने, असंख्य नावे कायमची पुसली. मर्गट्रॉइड वाचले आणि फोफावले, यामागे यदृच्छेच्या जोडीला एक आर्थिक कारणही होते, ते म्हणजे लोकर.

कॅल्डर खोऱ्यातील जमीन गव्हाला निकृष्ट, परंतु मेंढ्यांना आणि पाण्याला तोटा नव्हता. चार एकर शेत आणि घरात एक हातमाग, असा दुहेरी संसार कुटुंबाला पोसू शकत असे. त्यामुळे धाकट्या पुत्रांना पोटासाठी दूर जावे लागले नाही आणि नावाच्या शाखा याच खोऱ्यात पसरत गेल्या. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात डॅनियल डीफो या भागातून फिरला, तेव्हा डोंगरउतारावर हाकेच्या अंतरावर घरे आणि प्रत्येक घराबाहेर वाळत ताणलेले कापड पाहून तो चकित झाला होता. या व्यापारात काही मर्गट्रॉइड धनाढ्य झाले. हॅलिफॅक्सच्या जेम्स मर्गट्रॉइड या कापडव्यापाऱ्याने सतराव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात कीथलीजवळची ईस्ट रिडल्सडेन हॉल ही मिळकत घेऊन तेथील वाड्याचे मोठे बांधकाम केले. यादवी युद्धाच्या त्या काळात तो राजपक्षाचा होता. वाड्याला जोडलेल्या एका इमारतीवर राजा पहिला चार्ल्स आणि त्याची राणी यांची शिल्पमुखे कोरलेली आहेत. ही वास्तू आज नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे असून अभ्यागतांसाठी खुली आहे. एका शेतवस्तीच्या नावाचा हा प्रवास पाहायचा असेल, तर त्याहून चांगले स्थळ नाही. पुढे यंत्रयुग आले तेव्हा जॉन मर्गट्रॉइड यांनी 1847 मध्ये लडेंडेनच्या खोऱ्यात ओट्स रॉइड ही सूतगिरणी उभारली. मूळ वॉर्ली तेथून फार लांब नाही.

लेखनभेदांची संख्या बरीच आहे. मर्गट्रॉइड, मर्गिट्रॉइड, मार्गट्रॉइड, मर्गाट्रॉड अशी रूपे आढळतात. 1538 मध्ये थॉमस क्रॉमवेल यांच्या आदेशाने प्रत्येक चर्चमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवणे बंधनकारक झाले, परंतु नोंद करणारा पाद्री कानाला ऐकू येईल तसे लिहीत असे. 1 जुलै 1837 पासून इंग्लंडमध्ये शासकीय जन्ममृत्यूनोंदणी सुरू झाली. त्यानंतर हळूहळू एकेका कुटुंबात एकेक लेखन स्थिरावले.

प्रसाराचा विचार करता 1881 च्या जनगणनेला फार महत्त्व आहे, कारण तिची संपूर्ण नामावली संगणकावर उपलब्ध झाल्याने प्रत्येक आडनावाचा नकाशा काढता येतो. मर्गट्रॉइडचा नकाशा हॅलिफॅक्स आणि ब्रॅडफर्डच्या परिसरात गडद दिसतो आणि तेथून दूर जावे तसा फिका होत जातो. रेल्वे आणि गिरण्या येऊन अर्धशतक लोटल्यानंतरचे हे चित्र आहे, हे लक्षात घेतले म्हणजे नावाची मातीशी असलेली निष्ठा समजते. पेनाइन ओलांडून लँकशर आणि चेशरमध्येही काही शाखा गेल्या. चेशरमधील मिडलविच येथे 1889 मध्ये सुरू झालेले खाऱ्या पाण्याचे उपसाकेंद्र आणि मिठागर मर्गट्रॉइड याच नावाने ओळखले जाते. पुढे स्थलांतरितांबरोबर हे नाव अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातही पोचले. अमेरिकेत तर ते आश्चर्योद्गाराचा भाग बनले. 1944 च्या एका चित्रपटात बर्ट लार या नटाने उच्चारलेला हा उद्गार 1960 च्या दशकात एका व्यंगपटातील गुलाबी प्यूमाने घरोघरी नेला.

एकमूल आडनावाची कल्पना आता जीवशास्त्राच्या कसोटीलाही लावता येते. आडनाव आणि वाय गुणसूत्र दोन्ही पित्याकडून पुत्राकडे जातात, तेव्हा एकाच पूर्वजाचे वंशज असलेल्या पुरुषांत दोन्ही समान आढळावयास हवीत. ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी 2000 साली आपल्याच आडनावाच्या 48 पुरुषांची तपासणी केली, तेव्हा त्यांपैकी जवळपास निम्म्यांत एकच गुणसूत्ररूप मिळाले. साइक्स हेही पश्चिम यॉर्कशरचेच नाव. 2009 मध्ये लेस्टर विद्यापीठाच्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी 40 ब्रिटिश आडनावांच्या 1,678 पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्मिथसारख्या बहुमूल नावात समान वंशाचा मागमूस नव्हता, तर अ‍ॅटनबरोसारख्या दुर्मीळ स्थानवाचक नावात बहुसंख्य पुरुष एकाच वंशाचे निघाले. जॉर्ज रेडमंड्स यांनी 1973 च्या आपल्या वेस्ट रायडिंगवरील ग्रंथात केवळ कागदपत्रांच्या आधारे जी दिशा दाखवली होती, तिला प्रयोगशाळेतून असा दुजोरा मिळाला. आडनावाचा अर्थ कोशात पाहून थांबू नये, कुटुंब कोठे आणि केव्हा नोंदले गेले हे आधी शोधावे, असा रेडमंड्स यांचा आग्रह होता. प्रत्येक अभ्यासकाने तो मानावा, असे मला मनापासून वाटते.

मर्गट्रॉइड घराण्याच्या संशोधकाला त्यासाठी उत्तम साधन उपलब्ध आहे. वॉर्ली हे वेकफील्डच्या जहागिरीत मोडत असे आणि त्या जहागिरीच्या न्यायसभेच्या गुंडाळ्या 1274 पासून 1925 पर्यंत जवळजवळ सलग टिकल्या आहेत. जमिनीचे हस्तांतर, वारसा, दंड, तंटे यांची त्यांत नोंद आहे. 1733 पर्यंतच्या नोंदी सामान्यतः लॅटिन भाषेत आहेत. लीड्स येथे जतन केलेला हा संग्रह 2016 मध्ये युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ उपक्रमाच्या ब्रिटिश सूचीत समाविष्ट झाला, आणि त्याचे अनेक खंड संपादित होऊन छापले गेले आहेत.